वीज कंपनीच्या वस्तीकामात नव्याने येताना

वीज कंपनीच्या सामाजिक विभागात रुजू होणाऱ्या बऱ्याच जणांची समजूत अशी असते, की वायर, मीटर आणि बिल हे दुसऱ्या खात्याचं काम आणि आपलं काम म्हणजे शाळा, आरोग्य शिबिर, शिवणवर्ग. वस्तीत पाऊल टाकलं की ही समजूत टिकत नाही. समोरची बाई आधी विचारते, "ते सगळं ठीक आहे, पण आमचं बिल तिप्पट कसं आलं?" तिच्या दृष्टीने कंपनीत खाती नसतात, एकच कंपनी असते. या प्रश्नावर "ते मला माहीत नाही" असं उत्तर दिलं, तर शिवणवर्गाला कुणी येणार नाही. म्हणून आधी वीज समजून घ्या, समाजकार्य त्यानंतर. या कामाचा आमच्या मते खरा क्रम हाच आहे.

मुंबईत आधी हे कळायला हवं, की कुणाची वीज कुठे आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी इलेक्ट्रिसिटी. २०१८ पर्यंत हे जाळं रिलायन्सकडे होतं. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. शिवाय टाटा पॉवर शहरातही आहे आणि उपनगरांतही. उपनगरांत २००९ पासून ग्राहकाला जुन्याच तारांवरून टाटाची वीज घेता येते. अशा घरात बिल एका कंपनीचं असतं आणि तारा दुसरीच्या. वीज गेली की दुरुस्ती तारांच्या मालकाने करायची, पण माणूस फोन लावतो बिलावरच्या नंबरवर, आणि तिथून त्याला दुसरीकडे पाठवतात. वस्तीत जाण्याआधी त्या गल्लीत अशी किती घरं आहेत ते विचारून घ्या.

पहिला आठवडा फॉल्टवर जाणाऱ्या गाडीबरोबर काढा. दुसरा बिल भरण्याच्या काउंटरच्या मागे बसून आणि तिसरा रीडिंग घेणाऱ्यांबरोबर. अकरा हजार व्होल्टची लाइन सबस्टेशनमध्ये येते, ट्रान्सफॉर्मर ती ४१५ व्होल्टवर आणतो, तिथून केबल रस्त्यावरच्या पिलरमध्ये (वीजवाटपाच्या पेटीत), पिलरमधून मीटर केबिनमध्ये आणि केबिनमधून खोलीत २३० व्होल्ट. एवढा रस्ता डोळ्यांनी पाहिला असेल, तर "लाइट कधी येणार" या प्रश्नाला तुम्ही खरं उत्तर देऊ शकता. जमिनीखालची केबल गेली, तर आधी चाचणी करून फॉल्टची जागा शोधावी लागते, मग खणायचं, मग जॉइंट मारायचा, परत चाचणी, मग वीज सोडायची. यात तास जातात. रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला असेल, तर आणखी जास्त. "अर्ध्या तासात येईल" हे वाक्य तोंडातून काढू नका. काम कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगा: "जागा सापडली, खणणं चालू आहे." लोक वाट बघायला तयार असतात, पण एकदा फसवलेलं विसरत नाहीत.

आता वस्तीतली वीज. गोवंडी, मानखुर्द, धारावी किंवा मालवणीतली एक खोली घ्या. ट्यूब २० वॉट, दोन पंखे १५०, फ्रिज १५०, टीव्ही ८०, मिक्सर ५००, इस्त्री १०००. सगळं एकदम चाललं तर १९०० वॉट, म्हणजे आठ-सव्वाआठ अँपिअर. इथपर्यंत तांब्याची १.५ चौरस मिलीमीटरची वायर पुरते. मग १५०० वॉटची इंडक्शन शेगडी येते आणि आकडा पंधरा अँपिअरच्या जवळ जातो. त्या सॉकेटला २.५ ची वायर हवी. पण खोलीतली वायर वीस वर्षांपूर्वीची, तीही पोटमाळ्यावर नेताना मध्ये पिळून जोडलेली. पिळाच्या जागी ती तापते, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, आणि एका रात्री तिथूनच धूर निघतो. आग लागली की बातमीत "शॉर्टसर्किट" छापून येतं. वस्तीत फिरताना नजर अशा सांध्यांवर ठेवा.

सुरक्षेचे बहुतेक कार्यक्रम आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारी पेटी) वाटून सुरू होतात, आणि बहुतेक तिथेच फसतात. ही पेटी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे का, एवढंच बघते. फरक ३० मिलीअँपिअरवर गेला की ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरचीच घ्यायची; १०० किंवा ३०० ची पेटी माणसाला वाचवण्यासाठी नसते. वस्तीत अडचण अशी, की अनेक खोल्यांत फेज स्वतःच्या मीटरचा आणि न्यूट्रल शेजारच्याचा असतो. कधीतरी तार कमी पडली म्हणून कुणीतरी तसं जोडून दिलेलं असतं. अशा खोलीत आरसीसीबी बसवली की पंखा लावताच ती पडते. दोन दिवस घरचे ती वर करत राहतात, तिसऱ्या दिवशी गल्लीतला वायरमन तिला बायपास करतो. तुमच्या अहवालात मात्र "इतक्या घरांत बसवल्या" असा आकडा जातो.

त्यामुळे पेटी सगळ्यात शेवटी. आधी मेन बंद करून त्या घराचा न्यूट्रल त्याच्याच मीटरपर्यंत जातो का ते तपासायचं. मग उपकरणं काढून, दिवे-पंख्यांची बटणं बंद ठेवून ५०० व्होल्टच्या मेगर या मोजयंत्राने वायरीचं इन्सुलेशन बघायचं; एक मेगओहमच्या खाली असेल तर वायरिंग बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत जाते, की बोर्डाच्या मागे नुसती सोडलेली आहे, तेही बघा. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करते, पण तेव्हा गळती अंगातून गेल्यावरच ती पडते, म्हणजे झटका बसतोच. पेटी बसवल्यावर चाचणीचं 'टी' बटण घरातल्या बाईलाच दाबायला लावा आणि महिन्यातून एकदा दाबायची सवय सांगा. हेही स्पष्ट सांगा, की एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर ही पेटी वाचवत नाही, आणि जादा लोडवरही ती पडत नाही. त्यासाठी एमसीबी वेगळा. पंधरा दिवसांनी परत जा, आणि पहिल्या पावसानंतर आणखी एकदा. वर्षाने किती पेट्या जोडलेल्या अवस्थेत आहेत, हा एकच आकडा खरा.

न्यूट्रल तुटणं ही दुसरी गोष्ट, जी प्रत्येक बैठकीत सांगायला हवी. पिलरमधला न्यूट्रलचा सांधा जळला, तर काही खोल्यांतले दिवे एकदम प्रखर होतात आणि काहींतले मिणमिणतात. ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज २३० च्या बरंच वर जातं, आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतात. असं दिसलं की लगेच मेन बंद करायचा, शेजारच्यांना ओरडून सांगायचं आणि कंपनीला फोन करायचा. घरातला फ्रिज हप्त्यांवर घेतलेला असतो, त्यामुळे हे एक वाक्य लोक नीट लक्षात ठेवतात.

पावसाळ्याची तयारी मार्चमध्ये सुरू होते. जूनमध्ये सुरू केलीत तर नुसती धावपळ होईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि उपनगरांचे कित्येक भाग अनेक दिवस अंधारात राहिले. मीटर केबिन पाण्यात असताना सबस्टेशनमधून वीज मुद्दाम बंद ठेवतात, आणि हे लोकांना आधीच माहीत नसेल तर राग दगडांतून बाहेर येतो. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक सखल गल्लीतल्या केबिनची यादी करा: पाणी गेल्या वर्षी कुठवर आलं (भिंतीवरची रेघ लोकच दाखवतात), मीटर त्याच्या वर आहेत का, केबिनचं दार बंद होतं का, आत कुणी सायकल, गोण्या ठेवल्यात का. मीटर उचलून वर बसवायचे असतील, तर मेअखेरीस काम संपलं पाहिजे. पाणी ओसरल्यावर केबिन सुकवून मेगर केल्याशिवाय वीज सोडत नाहीत. घाई करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही चाचणी समोर उभं करून दाखवा. वाद बराच कमी होतो. आपल्या कंपनीचा तक्रारीचा नंबर आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ हे दोन नंबर केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. हातात दिलेली पत्रकं दुसऱ्या दिवशी वडापावखाली दिसतात.

बैठकीची वेळ तुमच्या सोयीने ठरत नाही. वस्तीत पाणी ठरावीक वेळीच येतं, आणि नळाला पाणी असताना बचत गटाची अध्यक्षसुद्धा बैठकीला येणार नाही. आधी पाण्याची वेळ विचारा. दुपारी दोन ते चार हा काळ बहुतेक ठिकाणी चालतो. मुस्लिम मोहल्ल्यात शुक्रवारची दुपार सोडून. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुष घरी सापडतात. इतर महिन्यांत सकाळी कुणीच मोकळं नसतं. आरोग्य सेविका आणि अंगणवाडी ताई यांना आधी भेटा. कोणत्या घरात ऑक्सिजनच्या मशीनवर माणूस आहे, कुठे नुकतीच बाळंतीण आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि वीज बंद ठेवण्याच्या दिवशी ही माहिती जीव वाचवते.

एका माणसाबद्दल सावध राहा. अनेक वस्त्यांत मीटर नसलेल्या खोल्यांना कुणीतरी चोरून वीज पुरवतो आणि महिन्याला पॉइंटप्रमाणे पैसे घेतो, एक दिवा इतके, एक पंखा इतके. हिशेब केला तर त्या घराला अधिकृत दरापेक्षा महाग पडतं. बऱ्याचदा तुमच्या बैठकीला जागा देणारा, खुर्च्या मांडणारा माणूस हाच असतो. त्याच्याशी भांडू नका आणि त्याची जागाही घेऊ नका. अंगणवाडी, समाजमंदिर किंवा गल्लीतली मोकळी जागा शोधा. ज्यांना मीटर हवं त्यांना अर्ज भरायला मदत करा: ओळखपत्र, राहत्या जागेचा पुरावा (झोपडीधारकाचा सरकारी फोटोपास असेल तर उत्तम), परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल. २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत महानगरांसाठी पूर्ण अर्जानंतर ३ दिवसांची मुदत आहे; नवी केबल टाकायची असेल तर वेगळी. मीटर मिळालं म्हणजे खोली नावावर झाली, असा अर्थ होत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर उद्या सर्वेक्षणात ती व्यक्ती तुमच्याकडे बोट दाखवील.

बिलाचे प्रश्न थोडेच असतात, पण रोजचे. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, म्हणून मे महिन्यात वापर दीडपट झाला तर बिल दीडपटीहून जास्त वाढतं. सुरक्षा ठेवीचा दर वर्षी फेरहिशेब होतो आणि फरकाचं वेगळं बिल येतं. लोकांना ती फसवणूक वाटते. ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलात कुठे दिसतं ते बोट ठेवून दाखवा. बचत सांगायची तर पंख्यापासून सांगा. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी लावला आणि तो दिवसाला १५ तास चालला, तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. दिवे बंद करा, हा उपदेश एलईडी आल्यापासून फारसा उपयोगाचा राहिलेला नाही.

बिल भरलं नाही तर तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रक्कम मान्य नसेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती आक्षेप नोंदवून भरायची, मग वीज तोडता येत नाही. हे लोकांना सांगितलं तर वरिष्ठ नाराज होतील, अशी भीती नव्यांना वाटते. ती सोडा. कायद्यातली तरतूद ग्राहकाला सांगणं हे कंपनीचंच काम आहे. कंपनीत दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही नाही तर आदेशानंतर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. वीजचोरीची प्रकरणं मात्र मंचाकडे जात नाहीत.

पैशाची बाजू कोरडी वाटते, पण नवखे इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक जरी असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करावे लागतात. समजा नफा ३००, ३६० आणि २४० कोटी; सरासरी ३००, म्हणजे ६ कोटी. त्यातले प्रशासकीय खर्चाला जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे ३० लाख. बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम आहे, कंपनी नाही, म्हणून हे कलम तिला लागू नाही.

या पैशातून काय करता येत नाही ते पाठ करा. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम, फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम, जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व, राजकीय पक्षाला देणगी, आणि कायद्याने आधीच बंधनकारक असलेली गोष्ट. गळका पिलर बदलणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, त्याला सामाजिक कार्य म्हणून दाखवणं चूक आणि अशोभनीयही. मंडळाच्या कमानीवर कंपनीचं नाव लावून दिलेले पैसे यात बसत नाहीत, मग स्थानिक नेत्याचा कितीही आग्रह असो. संस्थेला पैसे देण्याआधी सामाजिक दायित्वाचे पैसे घेण्यासाठीची तिची सीएसआर-१ नोंदणी आणि प्राप्तिकर खात्याकडच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या तपासा. न खर्चलेले पैसे चालू प्रकल्पाचे असतील, तर आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जातात आणि तिथून तीन वर्षांत खर्च करावे लागतात. हे न समजल्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने दप्तरं आणि वॉटर फिल्टर विकत घेतले जातात. फिल्टरची कँडल सहा महिन्यांनी संपते, बदलायला पैसे कुणी ठेवलेले नसतात, आणि तो कपाटाच्या वर जाऊन बसतो. एप्रिलच्या आराखड्यातच देखभालीचा खर्च लिहा.

प्रशिक्षणवर्ग काढणार असाल तर उमेदवारांना खरं सांगा. तीन महिन्यांच्या वर्गाने वायरमनचा परवाना मिळत नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे. छोट्या वर्गातून मदतनिसाचं काम मिळतं, तेही बऱ्याचदा रात्रपाळीचं. मुलींना घेत असाल तर आधी हातमोजे आणि बूट मागवा. ४१५ व्होल्टच्या कामाचे क्लास ० चे रबरी हातमोजे मोठ्या मापात पडून असतात, लहान मापात नसतात, आणि सैल मोज्यात स्क्रू धरता येत नाही म्हणून मोजा काढून काम होतं. अपघात तिथेच होतो. साइटजवळ स्वच्छतागृह कुठे आहे, हा प्रश्न पहिल्या दिवसाच्या यादीत हवा.

गणेशोत्सवात मंडळांची तात्पुरती जोडणी हा तुमचा वर्षातला सगळ्यात दृश्य काळ. जुलैपासूनच मंडळांना बोलवा: महापालिका आणि पोलिसांच्या परवानग्या, लोड, ठेकेदाराचा चाचणी अहवाल, ठेव. मंडपाचे लोखंडी खांब अर्थ केलेले हवेत, सांधे जमिनीवर पडलेले नकोत, जनरेटरला चेंजओव्हर स्विच हवा, नाहीतर तो उलटा लाइनमध्ये वीज टाकतो आणि समोर काम करणारा लाइनमन मरतो.

आणि वस्ती म्हणजे फक्त बिल भरणारे नव्हेत. मुंबईत जलविद्युत १९१५ मध्ये खोपोलीहून आली, सह्याद्रीतल्या धरणांच्या पाण्यावर. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. त्या खोऱ्यातल्या गावांत हा इतिहास आजही ताजा आहे. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्राभोवती वारली पाडे आहेत. अशा भागात बदली झाली तर मुंबईच्या वस्तीतला आराखडा उचलून नेऊ नका. तिथे पहिली चर्चा जमिनीची आणि नोकरीची असते, आणि तिला लेखी उत्तर द्यावं लागतं.

अपघात झाला तर नियम ठरलेले आहेत. विद्युत निरीक्षकांना २४ तासांत कळवायचं, ४८ तासांत लेखी अहवाल. हे अभियंते करतात. तुमचं काम त्या घरी जाणं. कारण काय होतं ते तुम्ही सांगायचं नाही, भरपाईचा आकडाही बोलायचा नाही, कारण दोन्ही चौकशीनंतर ठरतं. चौकशी कोण करतं, जबाब कुठे नोंदवायचा, शवविच्छेदन अहवालाची प्रत कशी मिळते, पैशासाठी कोणते कागद लागतील, हे कागदावर लिहून द्या आणि खाली तुमचा स्वतःचा नंबर लिहा. मग दहाव्याच्या आधी आणि नंतरही जा, बोलावलं नाही तरी.

नोकरीसाठी एमएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असेल (देवनारचं टिस, चर्चगेटचं निर्मला निकेतन ही जुनी ठिकाणं) तर वीज शिकून घ्या. इंजिनिअर असाल तर एक पावसाळा एखाद्या संस्थेबरोबर वस्तीत काढा. मुलाखतीला जाताना त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून जा. सामाजिक खर्चाचं परिशिष्ट शेवटाकडे असतं, त्यात प्रकल्प, जिल्हा आणि रक्कम दिलेली असते. न खर्चलेली रक्कम किती आणि का, हा रकाना पाहा आणि त्यावरच प्रश्न विचारा.